सगळेच साथीदार

या रेकॉर्डवर कोणी गात नाही. एखाददुसरी आरोळी सोडली तर माणसाचा आवाजच नाही. बारा रचना, अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ आणि वाजवणारे चौघे. ऑर्गनवर आर्ट नेव्हिल, गिटारवर लिओ नोसेंटेली, बेसवर जॉर्ज पोर्टर ज्युनियर आणि ड्रम्सवर जोसेफ मॉडेलिस्ट, ज्याला सगळे झिगाबू म्हणूनच ओळखतात. शहर न्यू ऑर्लिन्स, साल १९६९. बँडचं नाव 'द मीटर्स' आणि या पहिल्या अल्बमचं नावही तेच. तो काढला न्यूयॉर्कच्या 'जोसी' या छोट्या कंपनीनं. ती कंपनी पुढे फार दिवस टिकली नाही.

अल्बम मात्र टिकला. न्यू ऑर्लिन्सच्या बारमध्ये, लंडनच्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात, टोकियोतल्या संग्राहकांच्या कपाटात तो आहेच. पण मुंबई-पुण्याच्या जॅमरूममध्येही तो रोज कुणाच्या तरी हातून वाजतो. एकमेकांना न ओळखणारे चार वादक एकत्र आले, काय वाजवायचं ठरेना, की कुणीतरी 'सिसी स्ट्रट' म्हणतं. बाकीचे मान डोलावतात आणि सुरुवात होते. हा त्या अल्बमचा पहिला ट्रॅक. कित्येकांना तो कुणाचा आहे हेही ठाऊक नसतं. त्यांना तो बोटांतून आलेला असतो, एका वादकाकडून दुसऱ्याकडे.

गायक नाही, लक्षात राहतील असे शब्द नाहीत, एखाद्याच्या वेगवान बोटांचं प्रदर्शन नाही. मग माणसं या रेकॉर्डकडे पुन्हा पुन्हा का वळतात? माझ्यापुरतं मला याचं उत्तर सापडलं आहे, आणि ते आपल्या मैफलीच्या रचनेतून सापडलं. आपल्याकडे मधोमध मुख्य कलाकार बसतो. तबला, पेटी, तानपुरे त्याच्या बाजूला. साथीदारानं किती वाजवायचं, कधी पुढे यायचं, कधी नुसता ठेका धरून ठेवायचा, हे सगळं त्या मधल्या माणसाकडे पाहून ठरतं. मीटर्सच्या या रेकॉर्डवर मधली जागा रिकामी आहे. चौघेही साथीला बसल्यासारखे वाजवतात आणि कुणीही सरकून मध्ये जात नाही. ऐकणाऱ्याला बसायला ती जागा मोकळी राहते.

'सिसी स्ट्रट' कानाला अगदी जवळ धरून ऐकण्याची चीज आहे. सुरुवातीला गिटार आणि बेस एकच ओळ जोडीनं वाजवतात. ओळ छोटी आहे, आणि तिचे स्वर बहुतांशी आपल्या धानी रागातलेच पाच: सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. त्यामुळे आपल्या कानाला ती पहिल्यांदा ऐकतानाही परकी वाटत नाही. ओळ येते, थांबते. पुन्हा येते, पुन्हा थांबते. त्या थांबण्यात झिगाबूचे हात काय करतात तिकडे कान न्यावा.

पाश्चात्य नाचगाण्यांत चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा ठणठणीत आघात असतो. टाळ्या वाजवायच्या त्या तिथेच. रॉक असो, सोल असो, तो आघात म्हणजे घराचा खांब. झिगाबू तो खांबच हलवतो. स्नेअर अपेक्षेच्या जरा आधी पडतो, जरा नंतर पडतो, कधी पडतच नाही. उजवा आणि डावा हात हाय-हॅट आणि स्नेअर यांच्यामध्ये सतत ये-जा करत असतात, त्यामुळे एका हातानं लय धरायची आणि दुसऱ्यानं ठोका द्यायचा अशी वाटणी उरत नाही. हाय-हॅटची झांज मध्येच किंचित उघडते, 'त्सss' असा आवाज होतो आणि लगेच मिटते. खाली पाय बास ड्रमवर वेगळीच गोष्ट सांगतो. आणि एवढं सगळं होऊन पहिली मात्रा, आपल्या भाषेत सम, कुठे आहे याबद्दल ऐकणाऱ्याच्या मनात एक क्षणही शंका येत नाही.

आणखी एक बारकावा. एका मात्रेचे चार समान भाग करून वाजवलं की लय सरळ चालते. त्याच भागांत लांब-आखूड केलं की जॅझसारखा झोल येतो. झिगाबूची लय या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे. ती स्वरलिपीत उतरवता येत नाही. ड्रम शिकणारी मुलं कागदावरची नोटेशन वाचून 'सिसी स्ट्रट' वाजवतात तेव्हा सगळे ठोके बरोबर पडूनही ते कोरडं वाटतं, त्याचं कारण हेच. मधली चाल अंगात यावी लागते आणि ती शहराच्या रस्त्यावरून येते.

म्हणून आता थोडं शहराविषयी.

न्यू ऑर्लिन्स मिसिसिपीच्या मुखाजवळचं बंदर. आधी फ्रेंचांचं, मग स्पॅनिशांचं, पुन्हा फ्रेंचांचं, आणि १८०३ पासून अमेरिकेचं. हैतीतल्या क्रांतीनंतर तिथून निघालेली हजारो माणसं १८०९च्या सुमाराला क्युबामार्गे इथे आली आणि शहराची लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. त्यांच्याबरोबर कॅरिबियन ताल आले. अमेरिकेच्या इतर भागांत गुलामांना ढोल वाजवायला बहुतेक ठिकाणी मनाई होती. इथे मात्र काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानावर रविवारी आफ्रिकन गुलाम जमत, बाजार भरवत, ढोल वाजवत, नाचत. ते मैदान आज लुई आर्मस्ट्राँगच्या नावाच्या बागेत आहे.

त्या तालांचा धागा तुटला नाही. अंत्ययात्रेला ब्रास बँड नेण्याची इथली रीत जगाला माहीत आहे. जाताना संथ भजनं, परतताना नाचरं संगीत. बँड आणि घरची मंडळी ही पहिली ओळ. मागून छत्र्या, रुमाल उडवत नाचत येणारा जमाव ही 'सेकंड लाइन'. त्या जमावाच्या चालीलाच पुढे सेकंड लाइन म्हणू लागले. या मिरवणुकीत मोठा ढोल एकाच्या गळ्यात, स्नेअर दुसऱ्याच्या, आणि बाटल्या, टाळ्या, डफ बाकीच्यांच्या हातात. शिवाय मार्डी ग्राच्या सणाला पिसांचे झगे घालून निघणारे काळ्या समाजातले 'इंडियन्स'. त्यांचं गाणं डफ आणि आरोळ्या यांवरच उभं असतं.

न्यू ऑर्लिन्सच्या ड्रमरनं पिढ्यानपिढ्या एकच काम केलं. त्या अनेक माणसांच्या वाद्यांना त्यानं एका माणसाच्या दोन हात-दोन पायांत बसवलं. अर्ल पामर यानं लिटल रिचर्डच्या रेकॉर्डवर ते केलं आणि रॉक अँड रोलचा ठेका तयार झाला. स्मोकी जॉन्सन, चार्ल्स 'हंग्री' विल्यम्स यांनी त्यात भर घातली. प्रोफेसर लाँगहेअर या पियानोवादकानं डाव्या हातात कॅरिबियन ठेका खेळवला. झिगाबू हे सगळं ऐकत वाढला. अल्बम निघाला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. ठोका जागेवरून सरकवण्याचं त्याचं धाडस ज्याला आपण नवं समजतो, ते त्याच्या गल्लीत रोजचं होतं. नवी होती ती मांडणी. मिरवणूक त्यानं एका छोट्या खोलीत आणली आणि आवाज कमी केला.

ती छोटी खोली खरोखरीच होती. बर्बन स्ट्रीटवर 'आयव्हनहो' नावाचा बार होता. आर्ट नेव्हिल या चौघांत वयानं मोठा, अल्बमच्या वेळी एकतिसाचा. शाळकरी वयातच 'हॉकेट्स' या बँडबरोबर त्यानं 'मार्डी ग्रा माम्बो' गायलं होतं आणि ते गाणं आजही दर वर्षी त्या सणाला शहरभर वाजतं. म्हणजे आर्ट नाव असलेला गायक होता. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यानं 'आर्ट नेव्हिल अँड द नेव्हिल साउंड्स' हा बँड बांधला. त्यात त्याचे भाऊ एरन आणि सिरिल गात, सॅक्सोफोन होता, आणि तालाची बाजू या तिघा तरुणांकडे होती. आयव्हनहोचं काम आलं ते चौघांपुरतं. जागा लहान, पैसे मोजके. आर्टनं भाऊ आणि सॅक्सोफोन बाजूला ठेवून तालाची बाजू तेवढी उचलली. एरन आणि सिरिल यांनी दुसरा बँड काढला.

हा निर्णय व्यवहाराचा होता. पण मीटर्सचं सगळं संगीत त्यातून निघालं असं मला वाटतं. मोठा बँड असता तर सॅक्सोफोननं ओळ वाजवली असती, गायकानं मध्ये उभं राहून ती जिंकली असती आणि हे चौघे मागे राहिले असते. आता मागे राहायला पुढे कुणी उरलंच नाही. रोज रात्री तास न् तास वाजवायचं. श्रोते बहुतेक रस्त्यावरून फिरत येणारे पर्यटक. जागा इतकी लहान की एकमेकांचा श्वास ऐकू यावा. अशा ठिकाणी जोरात वाजवून भागत नाही. कुणीतरी जागा सोडली की दुसऱ्यानं ती भरायची आणि आपण भरली की पुढच्या वेळी त्याला सोडायची, हे शिकावंच लागतं. चौघे ते शिकले.

त्या काळात बिल डॉगेटचं 'होल्ड इट' हे वाद्यगीत अमेरिकेतले अनेक बारमधले बँड सुरुवातीला आणि मध्यंतराला वाजवत. मीटर्सही तेच वाजवत. नोसेंटेलीला त्याचा कंटाळा आला आणि त्या जागी वाजवायला म्हणून त्यानं एक नवी ओळ आणली. तीच 'सिसी स्ट्रट'. सूर त्यानं आणला असला तरी रेकॉर्डवर रचनाकार म्हणून चौघांचीही नावं आहेत. हे श्रेय मला योग्य वाटतं. ती ओळ एकट्या गिटारवर वाजवून पाहा. चांगली आहे, पण नुसती ओळच आहे. झिगाबूचे हात आणि पोर्टरची थांबण्याची जागा काढून घेतली तर 'सिसी स्ट्रट' उरत नाही.

पोर्टरबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण त्याच्याबद्दल नेहमीच कमी लिहिलं जातं. तो तेव्हा एकवीस वर्षांचा. बेस वाजवणारा माणूस दोन प्रकारे चुकतो: एकतर सतत वाजत राहतो, नाहीतर नुसता पाया देऊन गप्प बसतो. पोर्टर सुराची लांबी मोजतो. सूर कधी सुरू करायचा याइतकंच तो कधी तोडायचा याकडे त्याचं लक्ष असतं. 'कार्डोव्हा' ऐका. बेसचा सूर येतो, अचानक तुटतो आणि पोकळी उरते. त्या पोकळीत हाय-हॅट टिकटिकत असतो. पुन्हा सूर येतो. आपली मान त्या पोकळीतच हलते, सुरावर नाही. या रचनेत मूळ कल्पना बोटावर मोजण्याइतक्या सुरांची आहे. तरी कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक आवर्तनात कुणीतरी एखादी बारीक गोष्ट बदललेली असते.

त्या काळच्या न्यू ऑर्लिन्समध्ये संगीताचा कारखाना चालवणारा माणूस म्हणजे ॲलन टूसाँ. पियानोवादक, गीतकार, संगीत संयोजक. ली डॉर्सीची गाणी त्याचीच. मार्शल सीहॉर्न हा त्याचा भागीदार. तो व्यवहार पाहायचा. दोघांच्या 'सॅन्सू' संस्थेला रेकॉर्डिंगसाठी हाताशी वादक हवे होते. मेम्फिसच्या 'स्टॅक्स' कंपनीकडे बुकर टी. अँड द एमजीज होते, डेट्रॉइटच्या 'मोटाउन'कडे स्वतःचे वादक होते. टूसाँ आणि सीहॉर्न यांनी आयव्हनहोतले हे चौघे घेतले. दिवसा दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ, रात्री बार. आणि स्टुडिओत मधे वेळ मिळाला की स्वतःचं.

स्टुडिओ कोझिमो मतासाचा. या शहराचं पन्नास-साठच्या दशकातलं जवळजवळ सगळं संगीत मतासाच्या एका ना एका स्टुडिओत नोंदलं गेलं आहे. त्याची पद्धत सरळ होती: माणसं खोलीत जशी वाजवतात तशी टेपवर यावीत. मीटर्सना ही पद्धत मानवली. ऐकताना चार वाद्यं एका खोलीत आहेत हे जाणवतं. प्रतिध्वनीची सजावट नाही, वरून चढवलेली तंतुवाद्यं नाहीत. टूसाँ स्वतः उत्तम संयोजक. त्याला फुंकवाद्यांचा ताफा बसवणं अवघड नव्हतं. पण या रेकॉर्डवर त्यानं हात आवरला. संयोजकाचं मोठेपण अशाही ठिकाणी दिसतं.

आधी 'सोफिस्टिकेटेड सिसी' ही संथ रचना बाजारात आली आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आर अँड बी यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेली. मग 'सिसी स्ट्रट' त्याच यादीत चौथ्या क्रमांकावर आणि देशाच्या सर्वसाधारण यादीत तेविसाव्या क्रमांकावर पोचली. शब्द नसलेल्या, फक्त चार वाद्यांच्या रचनेसाठी हे मोठंच यश. मग कंपनीला अल्बम हवा झाला.

अल्बममध्ये सगळंच एका उंचीचं नाही. 'स्टॉर्मी' हे क्लासिक्स फोरचं तेव्हाचं लोकप्रिय गाणं यांनी घेतलं आहे. गोड आहे, पण यांच्याशिवाय दुसऱ्या कुणीही वाजवलं असतं तरी चाललं असतं. 'ॲन'ही मी फारसं ऐकत नाही. पण 'लाइव्ह वायर' सुरू झालं की हातातलं काम ठेवावं लागतं. 'हिअर कम्स द मीटर मॅन'मध्ये ऑर्गन आणि गिटार एकमेकांना ओळी देतात-घेतात. 'सिक्स व्ही सिक्स एलए' या नावातलं 'सिक्स व्ही सिक्स' म्हणजे तेव्हाच्या अँप्लिफायरमध्ये असणाऱ्या व्हॅक्यूम ट्यूबचं नाव. नोसेंटेलीच्या गिटारचा तो किंचित तापलेला, कडेला खरखरीत सूर ऐकला की नाव पटतं. 'सीहॉर्न्स फार्म्स' हे भागीदाराचं नाव, 'आर्ट' हे ऑर्गनवाल्याचं. नावं अशी हाताला येतील ती दिलेली. त्यांना रचनांवर अर्थ लादायचा नव्हता.

आर्ट नेव्हिलचा ऑर्गन या अल्बममधली मला सगळ्यात हळूहळू उमगलेली गोष्ट. तो गायक होता, नाव त्याचं होतं, वयानं मोठा तो होता. मधली जागा हक्कानं त्याची. तरी तो बहुतेक वेळ लांब, धरून ठेवलेले सूर वाजवतो, किंवा गिटारच्या ओळीला कडेनं दोन ठिपके देतो. त्याच्या ऑर्गनमुळे बाकीच्या तिघांच्या तुटक वाजवण्याला जमीन मिळते. पुढाऱ्यानं स्वतःहून असं मागे बसणं संगीतात फार कमी वेळा दिसतं.

१९६८-६९ची अमेरिका कशी होती हे आठवलं तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. एप्रिल १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्याच वर्षी जेम्स ब्राउननं काळं असण्याचा अभिमान सांगणारं गाणं काढलं. ब्राउन १९६७पासूनच 'कोल्ड स्वेट'मध्ये सूर बाजूला सारून सगळ्या बँडला तालवाद्य करत होता. फंकचा हमरस्ता तोच. पण ब्राउनच्या बँडला हुकूम देणारा एक माणूस समोर उभा असे. त्याच्या हातवाऱ्यावर फुंकवाद्यं वाजत, चुकलं तर दंड होई. मीटर्सनी त्याच तत्त्वाचं फंक हुकमाशिवाय वाजवून दाखवलं. चार काळे तरुण, कालपर्यंत काळ्या गिऱ्हाइकांना दार बंद असलेल्या रस्त्यावर, एकमेकांवरच्या भरवशावर उभे. घोषणा त्यात नाही. पण ते ज्या रीतीनं एकमेकांना वाट देतात, ते ऐकताना मला आजही आनंद होतो.

यानंतरचा प्रवास मोठा आहे. तो भराभर सांगतो. 'जोसी'साठीच दुसरा अल्बम आला, 'लुक-का पाय पाय'. त्याच्या रेकॉर्डिंगसाठी अटलांटाला जाताना मोटारीच्या बिघडलेल्या इंजिनातून येणाऱ्या ठोक्यावरून त्या नावाच्या रचनेचा ताल सुचला, असं बँडमधले लोक सांगत आले आहेत. १९७०मध्ये 'स्ट्रटिन'. मग मोठ्या कंपनीकडे, 'रिप्रीझ'कडे गेले. तिथे शब्द आले, गाणं आलं, १९७४चा 'रिज्युव्हिनेशन' आला. शिवाय साथ चालूच होती. डॉ. जॉनच्या १९७३च्या 'इन द राइट प्लेस'वर वाजवणारे हेच, लबेलच्या गाजलेल्या 'लेडी मार्मलेड'मागेही यांच्यातलेच काही जण. १९७५-७६मध्ये रोलिंग स्टोन्सनी त्यांना आपल्या दौऱ्यांवर बरोबर नेलं. नेव्हिल बंधूंचे मामा जॉर्ज लँड्री हे मार्डी ग्रा इंडियन्सच्या एका टोळीचे सरदार. १९७६मध्ये 'द वाइल्ड चोपिटुलस' या त्यांच्या अल्बमला मीटर्सनी साथ दिली. ताल जिथून आला होता तिथे त्यांनी तो परत पोचवला.

पैसा मात्र त्या प्रमाणात आला नाही. हिशेब, हक्क, नावाची मालकी यांवरून वाद होत गेले. १९७७मध्ये आर्ट बाहेर पडला, भावांबरोबर 'नेव्हिल ब्रदर्स' उभा राहिला आणि काही काळात मीटर्स संपले. चौघांमधली कटुताही काही वर्षं टिकली. याचं मला फार वाईट वाटतं, कारण रेकॉर्डवर इतकं नेमकं ऐकणारी माणसं कागदावर एकमेकांपासून दुरावली.

आणि नेमकं तेव्हाच या संगीताचं दुसरं आयुष्य सुरू झालं. हिपहॉपच्या निर्मात्यांना जुन्या रेकॉर्डमध्ये अशी ठिकाणं हवी होती जिथे ड्रम आणि बेस मोकळे आहेत आणि वर कोणी गात नाही. ती जागा कापून, गोल फिरवून त्यावर आपले शब्द ठेवता येतात. मीटर्सच्या रेकॉर्ड अशा जागांनी भरलेल्या. 'पब्लिक एनिमी'नं 'रिज्युव्हिनेशन'मधलं 'जस्ट किस्ड माय बेबी' वापरलं. २००५मध्ये एमरीच्या 'वन थिंग' या गाण्याचा धडधडता ठेका जगभर वाजला. तो 'लुक-का पाय पाय'मधल्या 'ओ, कलकत्ता!'तून घेतलेला. या नावाचा कलकत्त्याशी संबंध नाही, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये गाजत असलेल्या एका नाट्यप्रयोगाचं ते नाव. पण त्या गाण्यावर नाचलेल्या मुलांपैकी किती जणांना हे ड्रम १९६९मध्ये एका विशीतल्या पोरानं वाजवले आहेत हे माहीत होतं? शोधणारे शोधत मागे गेले आणि पहिल्या अल्बमपाशी पोचले. माझ्या ओळखीतले बरेच चाहते या मागच्या दारानंच आत आले आहेत.

दुसरा दरवाजा वादकांचा. 'रेड हॉट चिली पेपर्स'नी १९८५मध्ये मीटर्सचं 'आफ्रिका' आपल्या शब्दांत गायलं. न्यू ऑर्लिन्सचाच 'गॅलॅक्टिक' बँड आणि त्याचा ड्रमर स्टँटन मूर यांनी तर झिगाबूचं वाजवणं अभ्यासाचा विषय केला. इंग्लंडमधल्या लीड्सच्या 'न्यू मास्टरसाउंड्स'नं ऑर्गन, गिटार, बेस, ड्रम हीच चौकट घेऊन आयुष्य काढलं. समीक्षकांचा कौल थोडा वेगळा पडला. 'रोलिंग स्टोन'नं २००३मध्ये सर्वश्रेष्ठ पाचशे अल्बम निवडले तेव्हा त्यात 'रिज्युव्हिनेशन' आणि 'लुक-का पाय पाय' होते, पहिला अल्बम नव्हता. समीक्षकांना पूर्ण झालेली वस्तू आवडते. वादकांना जिच्यात शिरता येतं ती. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमसाठी मीटर्सचं नाव चार वेळा सुचवलं गेलं आणि चारही वेळा निवड झाली नाही. ग्रॅमीनं मात्र २०११मध्ये 'सिसी स्ट्रट'ला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं आणि २०१८मध्ये बँडला जीवनगौरव दिला.

२००५च्या वसंतात न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ महोत्सवात मूळचे चौघे पुन्हा एकत्र वाजले. तेव्हा गर्दीत असलेल्यांनी ती संध्याकाळ जपून ठेवली आहे, कारण त्याच वर्षी २९ ऑगस्टला कतरिना चक्रीवादळ आलं. बांध फुटले, शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. टूसाँ आणि सीहॉर्न यांचा जेंटिली भागातला 'सी-सेंट' स्टुडिओही बुडाला. तिथे ठेवलेल्या टेप गेल्याच असं सगळ्यांनी धरलं. त्यांत नोसेंटेलीनं १९७१च्या सुमाराला स्वतः गायलेल्या, साध्या अकुस्टिक गिटारवरच्या गाण्यांचा एक अल्बमही होता, कधीच न निघालेला. वर्षांनंतर त्या टेप कॅलिफोर्नियातल्या एका जुन्या बाजारात एका संग्राहकाला सापडल्या आणि २०२१मध्ये 'अनदर साइड' नावानं तो अल्बम निघाला. मीटर्सचा गिटारवाला, ज्यानं पहिल्या अल्बमवर कधी मधली जागा घेतली नाही, तो पन्नास वर्षांनी एकटा गाताना ऐकू आला. चाहत्यांसाठी ती भेट अनपेक्षित होती.

ॲलन टूसाँ २०१५मध्ये माद्रिदमधल्या कार्यक्रमानंतर गेले. आर्ट नेव्हिल २२ जुलै २०१९ला गेले, पहिल्या अल्बमला पन्नास वर्षं होत असताना. त्यानंतर २०२०मध्ये बँडच्या १९६८ ते १९७७ या काळातल्या सगळ्या रेकॉर्डिंगचा संच निघाला आणि पुन्हा एक नवी पिढी आत आली.

ज्यांनी हे कधीच ऐकलं नाही त्यांना माझी विनंती एवढीच, की मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात बेस मरतो, आणि बेस मेला की अर्धा बँड गेला. हेडफोन लावा किंवा जरा बरे स्पीकर मिळवा. पहिल्यांदा ऐकताना एकच वाद्य धरा. 'सिसी स्ट्रट'मध्ये फक्त हाय-हॅट, शेवटपर्यंत. मग तेच पुन्हा लावून फक्त बेस. तिसऱ्यांदा ऑर्गन. चौथ्यांदा काहीच धरू नका.

आणि अल्बमच्या शेवटी येणारं 'सिंग अ सिंपल साँग' जरूर ऐका. मूळ गाणं स्लाय अँड द फॅमिली स्टोनचं, १९६८चं, आणि त्यात अख्खा बँड गातो: पुरुष, बायका, आळीपाळीनं, ओरडून. मीटर्सनी ते घेताना शब्द काढून टाकले आणि गाण्याच्या जागा तशाच सोडल्या. ज्यांना मूळ गाणं पाठ आहे ते त्या जागी आपसूक गायला लागतात. ज्यांना पाठ नाही ते पायानं ठेका धरतात, आणि झिगाबू त्यांच्या पायाखालचा ठोका पुन्हा एकदा जरा पुढे सरकवतो.